ताफ्यात सीबीच का, हॅम का नाही: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपण मोकळेपणाने आणि तपशिलात लिहिलंत, तेव्हा उत्तरही तसंच देतो. सहलीच्या गाड्यांच्या ताफ्यात सीबी (सिटिझन्स बँड, परीक्षा न देता वापरता येणारा 27 मेगाहर्ट्झचा रेडिओ) वापरायचा की हॅम (परवानाधारक हौशी लोकांचा रेडिओ), हे या संस्थेचा मालक म्हणून मी ठरवतो, त्यामुळे राग असेल तर तो माझ्यावर असू द्या, मार्गदर्शकावर नको.

आपलं म्हणणं असं, की आपल्याकडे चांगला ड्युअल बँड हॅम हँडहेल्ड (हातात धरायचा सेट) असूनही तो बंद ठेवायला लावला आणि भाड्याने ‘जुनाट’ सीबी गळ्यात मारला. खिंडीपलीकडे गेल्यावर पुढच्या गाडीचा आवाज तुटला. मार्गदर्शकाच्या गाडीत मात्र हॅम सेट होता. शिवाय, डोंगरात लायसन्स विचारायला येतंय कोण?

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करतो. हॅमवर बोलायला परीक्षा द्यावी लागते, मग कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळतो. ताफ्यात दरवेळी वेगवेगळी माणसं येतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी ही परीक्षा दिलेली नसते. पण समजा, सगळे परवानाधारक आले, तरी मी हॅम वापरू देणार नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत हौशी सेवेची व्याख्याच अशी आहे, की ती वैयक्तिक आवडीपोटी आणि आर्थिक हितसंबंधाशिवाय करायची. आपण आम्हाला पैसे देता आणि मार्गदर्शक पगार घेतो. ‘डावं चाक दगडावर घ्या, ब्रेक सोडा’ हे त्याने हॅमवर सांगितलं की ते धंद्याचं बोलणं झालं. कोणी तपासायला येवो न येवो, हॅमचे रिपीटर (आवाज पकडून पुन्हा दूरवर पाठवणारी केंद्रं) हौशी लोक बहुतेक ठिकाणी पदरमोड करून उभारतात आणि सांभाळतात. त्यावर माझा व्यवसाय चालवणं मला पटत नाही. मार्गदर्शकाकडे परवाना आहे आणि त्याचा सेट जिवावरच्या प्रसंगासाठी ठेवलेला असतो. अशा वेळी मदत मागायला हाती असेल तो रेडिओ वापरावा, आणि आम्हीही वापरू.

आता आवाज तुटल्याबद्दल. आपण स्वतःच लिहिलंय, की सीबीवर सतत खरखर आणि मधूनच परक्या भाषेतली बडबड येत होती म्हणून आपण स्क्वेल्च वाढवला. खरं कारण मला इथे दिसतं. स्क्वेल्च हे दार आहे. ते घट्ट लावलं की खरखर बाहेर राहते, पण लांबून येणारा क्षीण आवाजही बाहेरच राहतो. ती परकी बडबड दूर देशातून आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन येते. सूर्यावरच्या डागांचं चक्र सुमारे 11 वर्षांचं असतं. ते जोरात असलं की 27 मेगाहर्ट्झवर हा त्रास वाढतो. सीबीचा हा खराखुरा तोटा आहे आणि मी तो झाकत नाही. अशा वेळी खरखर सहन करून स्क्वेल्च सैल ठेवायचा. सीबीच्या एएम पद्धतीत कमकुवत आवाज खरखरीतूनही बऱ्यापैकी कळतो.

दुसरं, अँटेना. रंगाला ओरखडा पडेल म्हणून आपण ती छताच्या मध्यावरून काढून मागच्या बंपरला चिकटवलीत. रंगाची काळजी मला समजते. पण गाडीचा पत्रा हा अँटेनाचाच अर्धा भाग म्हणून काम करतो. बंपरवर तो आधार नीट मिळत नाही आणि शेजारी उभा पत्रा आडवा येतो, त्यामुळे एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप) चढतो. तो 1.5 असेल तर जेमतेम 4 टक्के शक्ती परत फिरते, 3 झाला तर 25 टक्के. मुळात सीबीला एएमवर 4 वॉट मिळतात, त्यात ही गळती. 27 मेगाहर्ट्झला पूर्ण लांबीची अँटेना पाव लहरीची, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास भरते. आपल्याला दिलेली अँटेना तार गुंडाळून आखूड केलेली असते, त्यामुळे ती जागेबाबत फार हट्टी आहे.

हॅम इथे उजवा ठरतो, हे मान्य. हॅमच्या 2 मीटर बँडवर पाव लहरीची अँटेना अर्ध्या मीटरची, गाडीतला सेट 50 वॉटचा आणि एफएमचा आवाज स्वच्छ. रिपीटर आवाक्यात असेल तर डोंगरापलीकडेही बोलता येतं. पण हे सगळं गाडीत बसवलेल्या सेटबद्दल झालं. आपला 5 वॉटचा हँडहेल्ड, रबरी अँटेना आणि चारी बाजूंनी पत्रा, एवढ्यावर त्या खिंडीत काम झालं असतं असं मला वाटत नाही. उलट सीबीची 11 मीटरची लहर डोंगराच्या कडेवरून 2 मीटरच्या लहरीपेक्षा थोडी अधिक वळते.

म्हणूनच आम्ही ताफा रेडिओच्या भरवशावर सोडत नाही. मागची गाडी आरशात दिसेपर्यंत पुढच्याने वळण सोडायचं नाही, हा नियम आहे. त्या दिवशीही पुढची गाडी खिंडीपलीकडे आपली वाट बघत उभी होती. मधल्या गाडीने निरोप पुढे-मागे पोचवायचा, हेही ठरलेलं असतं. वस्तीपासून फार लांब गेल्यावर बाहेरून मदत बोलवायला सॅटेलाइट मेसेंजर असतो. ते काम मी सीबीवर कधीच सोपवणार नाही.

रेडिओचं भाडं परत मागितलंत. सेट परत आल्यावर आम्ही तो छतावरच्या अँटेनाला जोडून तपासला आणि तो नीट चालला, त्यामुळे भाडं परत देत नाही. मात्र पुढच्या सहलीपासून अँटेनाच्या मॅग्नेटखाली लावायला पातळ संरक्षक फिल्म प्रत्येक सेटसोबत देऊ. ही सोय आपल्या तक्रारीमुळे होतेय, त्याबद्दल आभार.

आणि शेवटी आपण विचारलंय, हँडहेल्ड विकून टाकू का? मुळीच विकू नका. परीक्षा द्या, जमलं तर गाडीत मोबाइल सेट आणि छतावर अँटेना बसवून घ्या. मित्रांसोबत स्वतःच्या हौसेने निघाल, त्यांच्याकडेही परवाने असतील, तेव्हा मी स्वतः आपल्याला हॅमच सुचवेन. सीबी तरीही काढू नका, कारण वाटेत भेटणाऱ्या हॅमचा परवाना नसलेल्या गाडीशी बोलायला तोच लागेल.