'सुशेगाद' म्हणण्याआधी

१६ नोव्हेंबर १९८९. त्या दिवशी पहाटे मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचे सैनिक राजधानीलगतच्या, जेझुइट या कॅथलिक पाद्री-संघाच्या विद्यापीठात घुसले आणि त्यांनी इग्नासिओ मार्तिन-बारो यांना गोळ्या घातल्या. वय ४७. जन्म स्पेनचा, पीएच.डी. शिकागोची, धंदा सामाजिक मानसशास्त्राचा, आणि वर पाद्री.

जेझुइट म्हटल्यावर आम्हा गोव्याच्या हिंदूंतल्या काहींच्या भुवया वर जातील. जाऊ देत. माझं कुलदैवतही पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आलेलं आहे, ते मी विसरलेली नाही. पण माझे भावोजी मला कळले ते याच पाद्रीमुळे.

भावोजींचे दोन टिपर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, गोव्यातल्या डिचोलीच्या खाणीवर चालायचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ते पणजीच्या मोर्चाला गेले, बँकेत खेटे घातले, ओरडले, भांडले. मध्ये थोडं काम सुरू झालं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजेस रद्द केली तेव्हा मात्र ते नुसते सोप्यावर बसून राहिले. टिपरच्या चाकांत गवत वाढलं. काही विचारलं की एकच, "कितें करतलो? नशिबांत आसा तें जातलें." घरात सगळ्यांनी ठरवलं, माणूस आळशी झाला. मीही. मुंबईचे एक पाहुणे तर हसत म्हणाले, "तुम्ही गोवेकर सुशेगाद!" (मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत. त्यात आळस कुणी घातला कोण जाणे.)

कुणीतरी त्यांना एका शिबिराला नेलं. तिथल्या तज्ज्ञांनी डोळे मिटून स्वतःला यशस्वी झालेलं बघायला सांगितलं. भावोजी म्हणाले, "आनी दोळे उगडल्यार हप्तो कोण भरतलो?"

मार्तिन-बारोंनी हाच प्रश्न मानसशास्त्राला विचारला होता. 'लॅटिन अमेरिकेचा माणूस आळशी आणि दैववादी' या समजुतीवर त्यांनी १९८७ मध्ये निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की मजूर 'देवाची मर्जी' म्हणतो तो त्याचा स्वभाव नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या राबूनही काही बदलत नाही, आणि बदलायला एकत्र यावं तर बंदुका येतात, तेव्हा आशा न धरणं हे अनुभवाने आलेलं शहाणपण असतं. हे शहाणपण जमीनदाराच्या मात्र फार सोयीचं, कारण मग चाबूक उगारावा लागत नाही. युद्धाच्या जखमेबद्दलही ते तेच सांगायचे: ती एकट्याच्या डोक्यात नसते, माणसामाणसांमधल्या नात्यांत असते. १९८६ मध्ये त्यांनी लोकमत चाचण्यांची संस्था काढली. यादवी युद्ध चालू असताना, सरकार जनतेच्या नावाने बोलत असताना, हे जनतेलाच विचारायला गेले. असा माणूस कुठल्या लष्कराला परवडेल?

हे वाचून मी भावोजींकडे गेले, थोडी ओशाळूनच. सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, खाण जोरात होती तेव्हा शेजारच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्याच्या शेतात पावसाबरोबर खाणीचा गाळ यायचा. भात गेलं. तो असाच बसायचा आणि "कितें करतलो" म्हणायचा. "आनी हांव ताका आळशी म्हणटालो."

यावर मी काय बोलणार होते?

त्या पहाटे एकूण आठ जण मारले गेले. सहा जेझुइट, आणि स्वयंपाक करणाऱ्या एल्बा रामोस व त्यांची मुलगी सेलिना. शहरात लढाई चालली होती, विद्यापीठाचं आवार सुरक्षित वाटलं म्हणून मायलेकी तिथे झोपल्या होत्या. 'सहा पाद्रींचं हत्याकांड' असं म्हणताना त्या दोघी नेहमी गळतात. २०२० मध्ये स्पेनच्या न्यायालयाने एका माजी कर्नलला १३३ वर्षांची शिक्षा दिली, म्हणजे ३१ वर्षांनी. एल्बाचा नवरा तिथे माळी होता. जिथे प्रेतं पडली होती त्या हिरवळीवर त्याने गुलाब लावले.

हे ऐकल्यावर भावोजींनी एवढंच विचारलं, "त्या माळ्याचें नांव कितें?"

ओब्दुलिओ.