बेस ऐकलाच नाही, आणि म्हणे अल्बममध्ये काही घडत नाही!

"छान आहे, पण मागे वाजत ठेवायला." ख्रुआंगबिन या अमेरिकन बँडच्या 'आ ला साला' या अल्बमबद्दल हे वाचून वाचून डोकं उठलंय. तो एप्रिल २०२४चा, आणि अजून तीच टेप चालू आहे.

अरे, ऐकलात कशावर? विरार फास्टच्या दारात उभं राहून, नाहीतर ओट्यावर मोबाईल ठेवून, शेजारी कुकरच्या शिट्ट्या! बँडमध्ये माणसं तीन. मार्क स्पीअरची गिटार बरीचशी एकेरी सुरांत फिरते, त्यामुळे गाण्याचा भार लॉरा लीच्या बेसवर, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारवर. त्या बेसला फ्लॅटवाउंड तारा आहेत. गुळगुळीत तार, वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर उमटणारे उंच सूर) कमी, आवाज गोल आणि दबका. बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची, आणि मोबाईलच्या स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काही येतच नाही. एरवी वरच्या स्वरांशांवरून कान बेस ओळखतो. इथे तेही अपुरे, म्हणजे अर्धं गाणं गायब. लोकलमध्ये तर गाडीची घरघर नेमकी त्याच खालच्या पट्ट्यात, उरलंसुरलं ती गिळते. शिल्लक काय, रिव्हर्बमध्ये, म्हणजे घुमाऱ्यात, भिजलेली गिटार. तिच्यावर समीक्षा लिहून मोकळे!

इअरफोनच्या रबरी टोप्या कानात घट्ट बसल्या नाहीत तर सगळ्यात आधी बेस पळतो. डब्यात दोन-तीन मापं दिलेली असतात, ती लावून बघायचाही कंटाळा.

"ठेका तोच तोच" हा आरोप तर डोक्यात जातो. विलंबित एकतालात मिनिटभराच्या आवर्तनाला माना डोलावता ना? तिथे समेची वाट बघता येते, मग ड्रमर डीजे जॉन्सनने ठेका न भरता मोकळी सोडलेली जागा का दिसत नाही? २०२०च्या 'मॉर्डेकाय' अल्बममध्ये गायन भरपूर होतं, इथे ते पुन्हा कमी केलंय. हा निर्णय आहे, आळस नव्हे.

आणि ग्रॅमीवाले! पहिला अल्बम २०१५चा, आणि २०२५ला नामांकन कशात, तर 'सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार'मध्ये.

रात्री सोसायटीचा पंप थांबला की कान पूर्ण झाकणारे तारेचे हेडफोन लावा, या अल्बममधलं 'पोन पोन' दोनदा ऐका आणि गिटार सोडून नुसता बेस गुणगुणून बघा. तो जमेपर्यंत एक ओळ लिहू नका.