कळांचं सलाईन लावलं की सिझेरियन ठरलेलंच?

'कळा आणायचं सलाईन लावू देऊ नका, पुढे सिझेरियन ठरलेलंच' असा मेसेज गर्भवतींच्या ग्रुपांवर फिरतोय. हे खरं नाही.

अमेरिकेत ६,१०६ पहिलटकरणींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८मध्ये आले. गुंतागुंत नसलेल्या या बायकांपैकी ज्यांना ३९व्या आठवड्यात कळा आणल्या, त्यांच्यात सिझेरियनचं प्रमाण १८.६ टक्के होतं. ज्यांच्या कळांची वाट पाहिली, त्यांच्यात २२.२ टक्के. म्हणजे उलटंच!

शिवाय सलाईन ही बहुधा दुसरी पायरी. गर्भाशयाचं तोंड घट्ट असेल तर आधी डायनोप्रोस्टोन जेल किंवा मिसोप्रोस्टॉल देऊन ते मऊ करतात. मिसोप्रोस्टॉलचा यासाठीचा डोस २५ मायक्रोग्रॅम, तर बाजारातली नेहमीची गोळी २००ची. तेव्हा 'जावेला दिली होती' म्हणून ती घरी घेणं जिवावर बेतू शकतं. आधीचं सिझेरियन असेल तर डॉक्टरही ती टाळतात. जुन्या टाक्यांच्या जागी गर्भाशय फाटण्याची भीती असते.

ऑक्सिटोसिन हे कळा आणायचं औषध मात्र सलाईनमधूनच का? दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येऊ लागल्या किंवा बाळाचे ठोके घसरले, तर थेंब कमी करता येतात, बंदही करता येतात. औषधाचा जोर लवकर उतरतो. दंडात टोचलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. 'लवकर मोकळी होईल' म्हणून कुणी घरी येऊन ते टोचणार असेल, तर तिथे ठाम नाही म्हणा.