‘घरचंच फायबर दुकानात लावा’: हा सल्ला कुठे चुकतो

बडोद्यातल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घरासाठी मिळणारं ३०० एमबीपीएसचं फायबरच दुकानात नाहीतर ऑफिसात घ्या, लीज्ड लाइन (कंपनीने फक्त तुमच्यासाठी राखून दिलेली लाइन) म्हणजे त्याच वायरीचे कितीतरी पट पैसे, फारच काळजी वाटली तर दुसऱ्या कंपनीचंही एक घ्या, मग नेट कधीच बंद पडणार नाही, आणि ५जी आल्यापासून तर वायरसुद्धा नको. यातला थोडा भाग काही दुकानांना लागू पडतो, त्याकडे शेवटी येऊ. पण एवढ्यावर विसंबून मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला कारखाना किंवा सयाजीगंजातलं सीएचं ऑफिस चालवू नका.

आधी ३०० चा आकडा. तो नेहमी ‘पर्यंत’ या शब्दाला चिकटून येतो. २०२३ पासूनच्या सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएस डाउनलोड मिळालं तरी ते ब्रॉडबँडच, त्यामुळे व्याख्येवर बोट ठेवून भांडायला जागा नाही. घरगुती फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचं, म्हणजे एकच तंतू अनेक ग्राहकांत वाटलेलं असतं. एका तंतूवर खाली येताना (डाउनलोडला) सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाताना (अपलोडला) सुमारे १.२५ जीबीपीएस मिळतात, आणि स्प्लिटर म्हणजे तंतूला फाटे फोडणारा छोटा डबा तेवढंच ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटतो. वरच्या दिशेचे १.२५ जीबीपीएस ३२ जणांत सारखे वाटले तर एकेकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएस येतात. सगळे एकदम अपलोड करत नाहीत म्हणून एरवी निभावून जातं.

धंद्याचं काम मात्र नेमकं वर पाठवण्यातच अडतं. क्लाउडवर रेकॉर्ड होणारे ८ कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने १६ घेतात. एकाच वेळी चाललेले ४ व्हिडिओ कॉल आणखी १० घेतात. त्यातच कोणी २ जीबीचं ड्रॉइंगचं फोल्डर ग्राहकाला पाठवायला घेतलं, तर मोकळ्या २० एमबीपीएसवर त्याला १३ मिनिटं लागतात, १०० वर पावणेतीन. तेवढा वेळ क्लाउडवरचं टॅली अडकतं आणि फोनवरचा आवाज तुटतो. रात्री अकराला मोबाइलवर घेतलेल्या स्पीड टेस्टमध्ये हे दिसणारच नाही.

चाचणी कामाच्या वेळेत घ्या, शक्यतो २० तारखेच्या आसपास, जीएसटीचं जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र भरायची घाई असते तेव्हा. वायफाय बंद करा, लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला १०० वेळा पिंग लावा (पिंग म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) आणि मध्येच १ जीबीची फाइल अपलोडला सोडा. एरवी १० मिलिसेकंदांच्या आसपास असलेला पिंगचा आकडा अपलोड चालू असताना दीड-दोनशेवर गेला तर लाइन वरच्या दिशेने तुंबते आहे. यावर नवं कनेक्शन घ्यायची घाई नको. राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणत्या कामाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा आणि पुन्हा पिंग लावून पाहा. बऱ्याच ऑफिसांचं दुखणं इथेच थांबतं.

‘त्याच वायरीचे जास्त पैसे’ हे अर्धंच खरं आहे. काचेचा तंतू तोच असतो. लीज्ड लाइनमध्ये पैसे जातात ते दोन्ही दिशांना राखून ठेवलेल्या वेगाचे, स्वतःच्या पक्क्या आयपीचे (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) आणि दुरुस्तीच्या लेखी मुदतीचे. मात्र काही वेळा लीज्ड लाइनही पॉनवरूनच, म्हणजे वर सांगितलेल्या वाटलेल्या तंतूवरूनच देतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी ‘पॉइंट-टू-पॉइंट फायबर (मध्ये कुठेही न वाटलेला तंतू) आहे का’ हे लेखी विचारा. उपलब्धतेचे टक्के तासांत मोजा: ९९.५ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ३ तास ३६ मिनिटं लाइन बंद राहिली तरी करार मोडत नाही, ९९.९ असेल तर ४३ मिनिटं. भरपाई सहसा भाड्यातल्या सुटीइतकीच असते, तुमच्या बुडालेल्या कामाची नसते. त्यामुळे दुरुस्ती किती तासांत होणार, रविवारी माणूस येणार का, हे जास्त महत्त्वाचं.

पक्क्या आयपीसाठी लीज्ड लाइनच घ्यावी लागते असंही नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल, तर तुम्ही इतर ग्राहकांसोबत एकाच सार्वजनिक पत्त्यामागे आहात. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणं) कितीही करा, बाहेरून ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत थेट पोचता येणार नाही. स्टॅटिक म्हणजे पक्क्या आयपीसह बिझनेस ब्रॉडबँड मिळत असेल तर दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसाला तेच योग्य, असं आमचं मत आहे.

सगळ्यांत महाग पडतो तो दोन कंपन्यांचा भरवसा. दांडिया बाजारातल्या जुन्या इमारतीत दोन कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून येतात आणि एकाच जिन्याने वर चढतात. उत्तरायणात अडकलेला पतंग काढताना कोणी तो जुडगा ओढला, तर दोन्ही लाइनी एकदम जातात. दारातून बाहेर पडा आणि दोन्ही केबल कुठे वेगळ्या होतात ते डोळ्यांनी पाहत जा. होतच नसतील तर दुसरी लाइन मागच्या बाजूने आत घ्या, नाहीतर ती बिनतारी ठेवा.

मग राउटर. ड्युअल वॅन राउटर (दोन कनेक्शन जोडता येणारा) फक्त कंपनीचा गेटवे, म्हणजे कंपनीकडचं पहिलं यंत्र तपासत असेल, तर पुढे लाइन तुटलेली असूनही त्याला सगळं ठीक दिसतं. तपासणीला बाहेरचे दोन पत्ते द्या, ८.८.८.८ आणि १.१.१.१, दर ५ सेकंदांनी, ३ वेळा उत्तर आलं नाही की लाइन बदलेल असं लावा. लोड बॅलन्सिंग (दोन्ही लाइनी एकाच वेळी वापरणं) लावलंत तर बँकेच्या साइटला मध्येच आयपी बदललेला दिसतो आणि ती लॉगआउट करते, म्हणून नुसता फेलओव्हर ठेवा, म्हणजे पहिली लाइन बंद पडली तरच दुसरी चालू होईल. चाचणी घेताना ओएनटी (फायबर ज्यात येतो तो कंपनीचा डबा) आणि राउटर यांच्यामधली वायर उपटू नका, ते राउटरला लगेच कळतं. ओएनटीतला फायबरचा हिरवा कनेक्टर सरळ मागे ओढून काढा, टोकाला बोट लावू नका, त्यात डोकावू नका आणि टोकावर त्याचं झाकण बसवा. सिग्नल गेल्याचा, एलओएसचा लाल दिवा लागेल. आता चालू कॉल किती सेकंद तुटतो ते मोजा.

ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. पण जिन्यात स्थानिक केबलवाल्याचा नेटवर्क स्विच (लाइन इमारतीत वाटणारं यंत्र) असेल तर त्यालाही वीज लागते. इमारतीची वीज गेली की तुमचा यूपीएस चालू असूनही नेट बंद. हा स्विच आहे का, हे कनेक्शन घेण्याआधी विचारा. आणि ही यंत्रं ठेवायचा रॅक तळघरात नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि त्या खुणेच्या वर रॅक बसवा, यूपीएससुद्धा.

५जी दुसरी लाइन म्हणून उत्तम, एकटी नको. तिथे डाउनलोडला जास्त वेळ राखलेला असतो, अपलोडला कमी, आणि टॉवर सगळ्यांचा. नवरात्रात गरब्याच्या मैदानाजवळ ऑफिस असेल तर संध्याकाळनंतर एकदा पिंग लावून पाहा.

आता त्या सल्ल्यातलं खरं. किराणा, मेडिकल, शिवणकाम, जिथे नेटचं काम यूपीआय आणि बिलिंगपुरतंच आहे, तिथे साधं ब्रॉडबँड आणि अडीअडचणीला मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो. यूपीआयच्या एका व्यवहाराला काही किलोबाइटच लागतात. लीज्ड लाइनवर पैसा घालू नका. फक्त कनेक्शन घरच्या नावावर घेऊ नका. घरगुती योजनेच्या अटी आधी वाचा, बऱ्याच योजना धंद्यासाठी नसतात. आणि बिल पेढीच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह घ्या. नियमित नोंदणी असेल तर १००० रुपयांच्या भाड्यावर लागलेले १८० रुपये क्रेडिट म्हणून परत वळवता येतात; घरच्या नावावरच्या बिलावर ते मिळत नाहीत.