किनाऱ्यावर मुक्काम, आणि समुद्र बसच्या काचेतून

महाराष्ट्रातून स्पेनला जाणाऱ्या ग्रुप टूरच्या माहितीपत्रकात ‘कोस्टा डेल सोल’ हे स्पेनच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्याचे नाव हल्ली ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि कोकणच्या समुद्रावर वाढलेल्या माणसालासुद्धा वाटावे की हा किनारा एकदा तरी पाहिला पाहिजे. आम्ही त्याच भरवशावर पैसे भरले. प्रत्यक्षात त्या किनाऱ्यावर मुक्काम असूनही आमच्या पायांना वाळू लागली ती जेमतेम वीस मिनिटे, आणि त्यातलीही निम्मी स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. मला याचा संताप आला आहे आणि तो ओसरत नाही, कारण पाऊस, संप किंवा आजारपण यांपैकी काहीही आड आले नव्हते. कार्यक्रमच तसा आखलेला होता.

याच किनाऱ्यावरच्या मालागा शहराच्या ‘पॅनोरमिक टूर’पासून सुरुवात करते. पिकासो 1881 साली याच शहरात जन्मला, आणि त्याच्या चित्रांचे संग्रहालय 2003 पासून जुन्या शहरातल्या एका वाड्यात आहे. तिथून पाच मिनिटे चालले की रोमन काळातले नाट्यगृह लागते, जे 1951 साली खोदकाम करताना सापडले, आणि त्याच्या डोक्यावरच अकराव्या शतकातला अल्काझाबा हा किल्ला उभा आहे. मालागात पाहण्यासारखे जे आहे त्यातले बरेचसे एवढ्याशा टापूत एकमेकांना लागून आहे, आणि नेमक्या त्या रस्त्यांवर बस जातच नाही, कारण ते फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राखलेले आहेत. म्हणजे बसमधून मालागा दाखवायचे ठरवले त्याच क्षणी या गोष्टी यादीतून बाद झाल्या होत्या, आणि हे ठरवणाऱ्याला ते पक्के ठाऊक होते. आम्हाला दिसले ते बैलांच्या झुंजीचे मैदान, बंदरातल्या क्रेन आणि लांबून कॅथीड्रलचा एकुलता मनोरा. दुसरा मनोरा कधी पुरा झालाच नाही, म्हणून मालागाचे लोक त्या कॅथीड्रलला प्रेमाने ‘ला मांकिता’, म्हणजे एका हाताची बाई, म्हणतात. पण हे सांगायलाही कोणी स्थानिक गाइड बसमध्ये नव्हता. माईकवरून ‘उजवीकडे बघा, डावीकडे बघा’ एवढेच चालले होते.

वेळ नव्हता, असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही ग्रॅनाडा शहरातून येत होतो, आणि तिथून मालागा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी निघालेली बस दुपारच्या जेवणापर्यंत आरामात किनाऱ्यावर पोहोचली असती, पण वाटेत एका मोठ्या दुकानाशी ती थांबली आणि चामड्याच्या पिशव्या, पंखे आणि अत्तरे बघण्यासाठी आम्हाला दीड तास देण्यात आला. ज्यांना काही घ्यायचे नव्हते, ते पार्किंगच्या कडेला सावली शोधत उभे होते. या दुकानाचा माहितीपत्रकात कुठेही उल्लेख नाही. समुद्रावर वीस मिनिटे आणि दुकानात दीड तास, हा हिशेब कोणाच्या सोयीचा आहे हे न कळण्याइतके प्रवासी अडाणी नसतात.

संध्याकाळी कोणी काही विचारले की ‘ड्रायव्हरचे तास संपले’ हे उत्तर तयारच असते. युरोपातला नियम मला मान्य आहे आणि तो योग्यच आहे. दिवसात साधारणपणे नऊ तासांपेक्षा अधिक गाडी चालवायची नाही आणि साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती घ्यायचीच, यात चालकाचे आणि प्रवाशांचे दोघांचेही हित आहे. पण हा नियम काही आम्ही तिथे पोहोचल्यावर निघालेला नाही. तो माहीत असूनही चालकाच्या कामाचा दिवस सकाळपासून इतर थांब्यांवर संपवायचा आणि संध्याकाळी त्या बिचाऱ्याकडे बोट दाखवायचे, हा शुद्ध अप्रामाणिकपणा आहे. शिवाय बस नसली म्हणून अडले कुठे होते? मालागापासून विमानतळ आणि तोरेमोलिनोसमार्गे फुएनहिरोलापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने लोकल धावते, दर वीस मिनिटांनी. आमच्यातल्या दोघा तरुणांनी रात्री त्या गाडीने जाऊन येतो म्हटले, तर सगळ्यांसमोर त्यांना ‘जबाबदारी कोण घेणार’ म्हणून झापण्यात आले. पैसे भरून आलेल्या प्रौढ माणसांशी शाळेच्या सहलीतल्या मुलांसारखे वागण्याचा अधिकार यांना कोणी दिला?

सर्वात जास्त चीड मला संध्याकाळच्या वेळापत्रकाची येते, कारण तो किनारा जागा होतो तोच मुळी संध्याकाळी. स्पेनचा बहुतेक भाग ग्रिनिचच्या पश्चिमेला असूनही 1940 पासून तिथली घड्याळे मध्य युरोपाप्रमाणे लावलेली आहेत, आणि उन्हाळ्यात ती आणखी एक तास पुढे जातात. त्यामुळे जूनमध्ये मालागाला सूर्य मावळतो तो साडेनऊ वाजून गेल्यावर. दुपारी ऊन टाळून घरात बसलेली माणसे सात-आठच्या सुमारास बाहेर पडतात, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर फेऱ्या मारतात, आणि रात्रीचे जेवण नऊच्या आत सहसा होत नाही. आम्हाला सात वाजता भारतीय रेस्टॉरंटमध्ये बसवले आणि आठ-सव्वाआठला हमरस्त्याकडेच्या हॉटेलात सोडले. बाहेर लख्ख ऊन होते, आणि आम्ही खोलीत पडदे ओढून बसलो होतो.

माझी आई मालवणची आहे. त्या वीस मिनिटांत ती सरळ पाण्याकडे गेली नाही, तर वाळूत ठेवलेल्या एका जुन्या होडीपाशी जाऊन उभी राहिली. तिथल्या किनाऱ्यावरच्या साध्या खाणावळींना चिरिंगितो म्हणतात, आणि त्यांच्यासमोर अशा होड्या असतात. होडीत वाळू भरलेली असते, वाळूवर ऑलिव्हच्या लाकडाचा विस्तव असतो. एक माणूस पाच-सहा मासे एका काडीवर आडवे ओवत होता, काडी मधल्या काट्याखालून नेमकी काढत होता, वर जाडे मीठ भुरभुरवत होता आणि वाऱ्याची दिशा बघून ती काडी विस्तवाकडे तिरकी खोचत होता. आईने वाकून पाहिले आणि म्हणाली, “अगो, हे तर पेडवे!” मसाला नाही, तेल नाही, नुसते मीठ आणि धग. याला एस्पेतो म्हणतात आणि मालागाची ती ओळख आहे. पहिली काडी उलटायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की सर्वांनी ताबडतोब बसकडे यावे, डिनरची वेळ झाली आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तिच्या ओळखीचा मासा परक्या किनाऱ्यावर भेटतो आणि तो तिला खाऊ दिला जात नाही, कशासाठी, तर बुफे सातला लागतो म्हणून.

शाकाहारी लोकांसाठी असे करावे लागते, हा बचाव मला मान्य नाही. ज्यांना वरण-भातावाचून चालत नाही त्यांची सोय झालीच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण याच भागात बदाम आणि लसूण वाटून केलेले थंडगार पांढरे सार मिळते, त्यात द्राक्षे घालतात. वांग्याची तळलेली कापे मिळतात आणि त्यांवर उसाची काकवी ओततात. ती काकवी जवळच्याच फ्रिखिलियाना या डोंगरउतारावरच्या पांढऱ्या गावात आजही तयार होते. कोल्हापूरच्या माणसाला काकवी-वांग्याचे हे लग्न चाखायला आवडले नसते का? आम्हाला तेच पनीर, तीच पिवळी डाळ आणि तेच गुलाबजाम वाढण्यात आले.

नेर्हाच्या गुहांचे सांगायचे तर, 1959 साली गावातल्या पाच मुलांना त्या सापडल्या, आत 32 मीटर उंचीचा एक अजस्र खांब आहे, आणि आमच्या कार्यक्रमात त्यांच्यापुढे बारीक अक्षरांत ‘वेळ मिळाल्यास’ असे लिहिले होते. वेळ मिळाला नाही.

आमच्या गटात नागपूरचे एक कुटुंब होते, दरवर्षी न चुकता दीक्षाभूमीवर जाणारे. बेनालमादेना गावावरून जाताना टेकडीवर पांढराशुभ्र स्तूप दिसला, आणि त्या घरातले आजोबा खिडकीला हात लावून उठून उभे राहिले. हा 33 मीटर उंच स्तूप भूतानचे लोपोन त्सेचू रिनपोचे यांच्या कल्पनेतून उभा राहिला आणि 2003 साली, ते वारल्यानंतर काही महिन्यांनी, खुला झाला. आत जायला तिकीट नाही. आजोबांनी दहा मिनिटे मागितली. टूर मॅनेजर म्हणाला की तो ‘आयटिनररी’मध्ये नाही. दुकानही नव्हते, हे मी तेव्हाच मोठ्याने बोलले, आणि मला उत्तर मिळाले नाही.

सहलीच्या शेवटी अभिप्रायाचा कागद भरून घेतला, त्यात हॉटेल, जेवण, बस आणि टूर मॅनेजर यांना गुण द्यायचे होते, कुठल्या ठिकाणी किती वेळ मिळाला याचा रकाना नव्हता. मी हे सारे मागच्या कोऱ्या पानावर लिहिले. महिन्याभराने पुढच्या सहलीवरच्या सवलतीचे कूपन आले. मी ते परत पाठवले आहे आणि सोबत लेखी विचारले आहे की त्या दुकानाशी कंपनीचा काय व्यवहार आहे, आणि प्रत्येक ठिकाणी प्रवासी बसच्या बाहेर, स्वतःच्या पायांवर किती मिनिटे असतील, हे पैसे घेण्याआधी छापायला त्यांची काय हरकत आहे.