‘हात काढा’ असं मोठ्याने म्हणता येतं का?

डिसेंबरात ठाण्याला आले तेव्हा वसंत विहारमध्ये भावाच्या सोसायटीत मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर होतं. क्लबहाऊसमध्ये चाळीसेक मुली, तीन तास, शेवटी प्रमाणपत्रं आणि फोटो. घरी आल्यावर माझ्या चौदा वर्षांच्या भाचीने मला तिचं मनगट धरायला लावलं आणि अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन हात सोडवून दाखवला. छान जमलं होतं. मग मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, “मी शेअर रिक्षात शेजारी बसलेले काका आहे. आता बोल.” आधी ती हसली. दुसऱ्या वेळी म्हणाली, “काका, प्लीज…” आणि आवाज तिथेच विरला.

तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर वाद चालू आहे. दादा म्हणतो, कराटेला घाला, ब्लॅक बेल्ट होईपर्यंत सोडू नका. वहिनीचं म्हणणं, दरवेळी मुलींनीच का शिकायचं, मुलांना वळण लावा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हाही हेच दोन सूर होते. त्या मुली चार वर्षांच्या होत्या. त्यांना कुठला डाव वाचवणार होता? त्यांची जबाबदारी शाळेची आणि मोठ्या माणसांची होती. इथे वहिनीचं मला पूर्ण पटतं. पण भाची चौदा वर्षांची आहे, एकटी क्लासला जाते, आणि तिला काहीतरी शिकवायला हवं हेही तितकंच खरं.

मी स्वतः शाळेत चार वर्षं कराटे शिकले. ब्राऊन बेल्ट होता. दहावीत ट्यूशनच्या सरांनी वही तपासताना पाठीवर हात फिरवला तेव्हा मी पुतळ्यासारखी बसून राहिले. लाथ मारता येत होती, पण ‘सर’ म्हणायची सवय असलेल्या माणसाला ‘नको’ म्हणायचा सराव कुणी करून घेतला नव्हता. भीतीने शरीर असं गोठतं, त्यात मुलीचा काही दोष नसतो, हेही मला कुणी सांगितलं नाही. ते कळायला मला कॅल्गरी गाठावं लागलं.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत, त्यातलं एक कॅल्गरीचं, पहिल्या वर्षाच्या सुमारे ९०० मुलींवर एक अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्कार झालेल्या मुलींचं प्रमाण माहितीपत्रकं मिळालेल्यांत ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२. त्या बारा तासांत हातापायांचे डाव होतेच, पण बराच वेळ धोका वेळेत ओळखणं आणि ओळखीच्या माणसाला तोंडावर नकार देणं यावर होता. आपल्याकडेही नोंदल्या गेलेल्या बलात्कारांत दहातल्या नऊहून अधिक आरोपी ओळखीचेच असतात. शिबिरात मात्र अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी गुंडाशी लढायला शिकवतात.

तिकडचं सगळंच इकडे आणायला हवं असं मी म्हणत नाही. तिकडच्या धड्यांत पार्ट्या आणि डेटिंग असतं, इथे ट्यूशन, नातेवाइकांकडची लग्नं आणि शेअर रिक्षा हवी. कॅनडात माणसावर वापरायचा पेपर स्प्रे बाळगणंच गुन्हा आहे, भारतात तो पर्समध्ये ठेवता येतो. उणे वीस अंशात कॅल्गरीच्या रिकाम्या प्लॅटफॉर्मवर ओरडलं तर ऐकायलाही कुणी नसतं. ठाण्यात स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर रात्री दहालाही माणूस असतो. पण तो माणूस मदतीला यायचा तर त्याला नीट कळलं पाहिजे. “काका, सोडा ना” ऐकलं की बघणाऱ्याला घरचं भांडण वाटतं. “मी यांना ओळखत नाही! खांद्यावरचा हात काढा!” यात शंकेला जागा नाही. ‘अहो’ राहू दे, ‘काका’ मात्र गळलं पाहिजे. मराठी मुलीला हे सगळ्यात जड जातं, म्हणून हेच शंभर वेळा घोकून घ्यायला हवं.

म्हणून वहिनीला सांगितलं, ज्युदो, बॉक्सिंग, कराटे यातलं जे घराजवळ असेल ते चालेल, कारण लांबचा क्लास पावसाळ्यात सुटतो. आधी एक तास बसून बघ. समोरचा खरोखर विरोध करतो, की नुसता हात पुढे करून उभा राहतो? आवाजाचा सराव असतो का? शिकवणारा मुलीला हात लावण्याआधी विचारतो का? पालकांनी बसून पाहिलेलं ज्याला चालत नाही, तिथून सरळ निघून यायचं. ‘तीन तासांत निर्भय’ म्हणणाऱ्यालाही नमस्कार. कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान लोकलच्या दारात हातावर फटका मारून मोबाईल पळवणाऱ्याशी झटापट करू नका, फोन गेला तर जाऊ द्या, असं सांगणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वतःचा बचाव करण्याचा हक्क दिलेला आहे, आणि बचावापुरतंच बळ वापरायचं ही मर्यादाही. हे शिकवणाऱ्याला ठाऊक हवं. तातडीच्या मदतीचा ११२ नंबर तर मुलीला पाठच हवा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाचीला घेऊन तलावपाळीला गेले. गर्दीत तिने तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी “हात काढा!” इतकं खणखणीत आलं की शेजारच्या बाकावरच्या दोन आजी उठून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे रोखून बघू लागल्या. मी हात काढला. शनिवारी वहिनी तिला घेऊन नौपाड्यातले दोन क्लास बघायला जाणार आहे. कुठला घ्यायचा ते भाचीच ठरवेल.