पाण्याच्या गोष्टीपलीकडचा रोशफोर्ट

मिडवे या पॅसिफिकमधल्या अमेरिकन बेटावरून जून १९४२ मध्ये अमेरिका आणि जपान यांच्यात झालेल्या लढाईचा विषय निघाला की पाण्याची गोष्ट हमखास येते. जपानी संदेशांतलं 'एएफ' म्हणजे मिडवेच, हे सिद्ध करायला अमेरिकनांनी समुद्राखालच्या केबलवरून मिडवेला निरोप दिला: गोड्या पाण्याचं यंत्र बिघडलंय असं उघड रेडिओवर कळवा. लवकरच 'एएफवर पाण्याची टंचाई' असा जपानी संदेश हाती आला. गोष्ट खरीच आहे. पण जपानी कोड फोडणाऱ्या अमेरिकन नौदलाच्या कमांडर जोसेफ रोशफोर्टच्या कामातला तो सगळ्यात सोपा भाग होता. तेवढंच सांगून थांबणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

रोशफोर्ट १९१८ मध्ये साधा खलाशी म्हणून नौदलात भरती झाला. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीचा शिक्का त्याच्यावर नव्हता आणि हे त्याला पुढे भोवलं, असं मला वाटतं. १९२५ च्या सुमारास तो गुप्तलेखनाच्या कामात आला, १९२९ ते ३२ टोकियोत जपानी शिकला, मधली वर्षं जहाजांवर काढली. १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या तळघरातलं 'स्टेशन हायपो' हे कोड फोडणारं केंद्र त्याच्या हाती आलं. गणित, भाषा आणि समुद्र, तिन्ही येणारी माणसं तेव्हा त्या नौदलात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

जपानी नौदलाचा मुख्य कोड जेएन-२५. शब्दासाठी पाच आकडी गट, आणि त्यात ठरलेल्या आकड्यांच्या तक्त्यातला दुसरा पाच आकडी गट मिळवायचा, हातचा न घेता. समजा मूळ गट २७४३८, तक्त्यातला ५८२७४, तर हवेत जाणार ७५६०२. जपान्यांची खोड अशी की मूळ गटाला तीनने भाग जायलाच हवा. रेडिओवर आकडा चुकला तर ऐकणाऱ्याला कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. फोडणाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं. तक्त्याच्या एकाच जागेवरून सुरू झालेले संदेश एकाखाली एक मांडायचे, उभ्या ओळीतून अंदाजाचा गट वजा करायचा, आणि येणारा प्रत्येक आकडा तीनने तुटतो का बघायचं. ओळीत दोन-तीनच संदेश असतील तर योगायोगानेही जुळतं. आठ असतील तर योगायोगाची शक्यता ६,५६१ मध्ये एक. म्हणजे संदेशांचा ढीग हवाच. तो ढीग आयबीएमच्या पंच कार्डांवर चढवायला 'कॅलिफोर्निया' या जायबंदी युद्धनौकेच्या बँडमधले वादक बसवले होते.

आणि खरी मेख पुढे आहे. तक्ता सुटला तरी गटाचा अर्थ कळत नाही. बहुतेक संदेशांत मोठमोठी भगदाडं राहत. ती भरायला कोणतं जहाज कोणत्या हाकेच्या नावाने बोलतं, इंधनाची जहाजं कुठे निघालीत, कोण अचानक गप्प झालंय, हे डोक्यात असावं लागतं. रोशफोर्टच्या डोक्यात ते होतं. तळघराची जमीन काँक्रीटची, हवा यंत्रांसाठी थंड ठेवलेली, म्हणून तो गणवेशावर जुनं जाकीट आणि पायात सपाता घालून फिरायचा. ह्याला विक्षिप्तपणा म्हणणाऱ्यांनी तिथे चार रात्री काढून बघायला हव्या होत्या.

तारखा तर कोडच्या आत आणखी एका वेगळ्या गुप्तलेखनात होत्या. त्या हायपोतल्याच फिनेगन आणि राइट यांनी सोडवल्या. त्यावरून पॅसिफिक आरमाराचा प्रमुख निमिट्झ याचा गुप्तवार्ता अधिकारी एडविन लेटन (टोकियोतला रोशफोर्टचा सोबती) याने जपानी नौका कधी आणि कुठे दिसतील ते सांगितलं: ४ जून, सकाळी सहा, मिडवेपासून ३२५ अंशांवर, १७५ मैल. प्रत्यक्षात फरक पडला पाच मिनिटं, पाच अंश आणि पाच मैलांचा. जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या.

नौदलाच्या वॉशिंग्टनमधल्या कोड फोडणाऱ्या कार्यालयाचा हल्ल्याबद्दलचा अंदाज वेगळा होता आणि तो चुकला. एवढं होऊनही ऑक्टोबर १९४२ मध्ये रोशफोर्टलाच हायपोवरून उचललं. पुढे त्याला तरत्या गोदीचं काम दिलं! जपानी आरमाराची अशी नस सापडलेला माणूस युद्ध ऐन भरात असताना जहाज दुरुस्तीवर बसवायचा, हा निर्णय मला आजही चीड आणतो. मतभेद होते, तो बोलायला तिखट होता, हे मान्य. पण कामाचा कस बघायचा की वरिष्ठांचा मान? १९४४ मध्ये त्याला वॉशिंग्टनला पुन्हा गुप्तवार्तेच्या कामावर घेतलं, म्हणजे गरज होतीच. निमिट्झने त्याच्यासाठी केलेली पदकाची शिफारस मात्र तेव्हा फेटाळली गेली. रोशफोर्ट १९७६ मध्ये वारला. पदक १९८६ मध्ये, त्याच्या कुटुंबाच्या हाती पडलं.